पट्टे धुऊ नका, हे मराठीत लिहा

खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना मुलाला गाडी लागली, की सगळ्यात आधी खराब होते ती त्याची कार सीट. एरवीही तिच्यावर दूध सांडतं, बिस्किटाचा चुरा पडतो, केळं चेपलं जातं. आणि पावसाळ्यात बंद गाडीतल्या ओलसर कापडाला बघता बघता कुबट वास धरतो. मग आपल्या घरांत जे व्हायचं तेच होतं. सीट बाहेर निघते, कव्हर आणि पट्टे सुटे करून साबणाच्या पाण्यात भिजत पडतात, ब्रशने खसाखसा घासले जातात, शेवटच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक पडतं आणि सगळं गच्चीवर कडक उन्हात वाळत जातं. बाळाच्या अंगाला लागणारी वस्तू स्वच्छ हवी, ही यामागची काळजी अगदी योग्य आहे. पण मुलाला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांना हीच काळजी बाधते. हे पट्टे कपड्यांसारखे धुवायचे नसतात, असं बहुतेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत बजावतात. मात्र ते ज्या भाषेत आणि ज्या जागी लिहिलेलं असतं, तिथून ते धुणाऱ्याच्या हातापर्यंत पोचतच नाही. ही सूचना मराठीत, पुस्तिकेत नव्हे तर सीटवरच, पट्ट्यालगत असली पाहिजे, आणि ती असावी यासाठी नियम झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पट्ट्याचं काम काय, ते पाहू. जगभर वर्षानुवर्षं वापरात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ४४ क्रमांकाच्या नियमावलीनुसार कार सीटची समोरून टक्कर ताशी ५० किलोमीटर वेगाने घडवून आणतात. त्या क्षणी गाडीचा वेग ज्या झपाट्याने खाली येतो, तो झपाटा गुरुत्वाकर्षणाच्या २० ते २८ पट असतो. म्हणजे १० किलो वजनाचं मूल त्या निमिषापुरतं दोन-अडीचशे किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं, आणि तो सगळा जोर झेलायचा असतो दोन बोटं रुंदीच्या, बहुधा पॉलिएस्टरच्या विणलेल्या पट्ट्यांनी. लहान गटांतल्या सीटचा पट्टा तुटण्याआधी किमान ३.६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३६० किलोंचा ताण झेलू शकला पाहिजे, अशी याच नियमावलीची अट आहे. नुसतं न तुटणंही पुरेसं नसतं. पट्टा किती ताणला जातो यावर मुलाचं डोकं किती पुढे जाणार, ते ठरतं. नीट बसवलेल्या कार सीटमुळे प्रवासी मोटारीतल्या अर्भकाचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो, असा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे. हे श्रेय शेवटी या पट्ट्यांचं आणि त्यांना अडकवणाऱ्या बकलचं आहे.

जाणकार वाचक इथे एक आक्षेप घेईल, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. याच नियमावलीत पट्ट्याचे नमुने पाण्यात बुडवून तपासतात: डिस्टिल्ड वॉटर, तापमान २० अंशांच्या आसपास, मुदत ३ तास. प्रकाश, थंडी, उष्णता, घर्षण यांचाही मारा करून पाहतात, आणि एवढं सोसल्यावरही मूळ ताकदीच्या किमान ७५ टक्के ताकद शिल्लक असावी लागते. मग बादलीभर पाण्याची एवढी धास्ती कशाला? मुद्दा रास्त आहे, आणि एका धुण्याने पट्टा कुजलेल्या सुतळीसारखा तुटेल, असं कुणी म्हणूही नये. पण चाचणीतलं पाणी आणि आपल्या बादलीतलं पाणी यांत फरक आहे. चाचणीत कपड्यांची पावडर नसते, ब्लीच नसतं, जंतुनाशक नसतं, मशीनच्या ड्रममध्ये अर्धा तास पीळ बसत नाही आणि हा प्रकार दर महिन्याला होत नाही. पॉलिएस्टरला गरम पाण्यातले तीव्र अल्कधर्मी पदार्थ मानवत नाहीत, घासल्याने धाग्यांच्या कडा फुसफुशीत होतात, वर दिलेले रासायनिक लेप धुतले जातात. यातलं नेमकं किती नुकसान कोणत्या धुण्यात झालं, ते घरात बसून मोजता येत नाही. विटलेला शर्ट डोळ्यांना दिसतो. कमकुवत झालेला पट्टा धुतल्यावर उलट नव्यासारखाच दिसतो. पट्ट्याची खरी परीक्षा एकदाच होते, आणि तेव्हा मूल त्यात बसलेलं असतं. म्हणून ज्या अवस्थेत तो चाचणीत उत्तीर्ण झाला, त्या अवस्थेच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवणं, एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

पट्ट्याइतकंच नाजूक प्रकरण बकलचं. लाल बटणाच्या वर जी खाच असते, तिच्यात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं तर सुकलेल्या खिमटाची शितं, बिस्किटाचा भुगा आणि आटलेल्या दुधाचा पिवळसर थर दिसतो. खटका आत ज्या दातावर बसायचा असतो, तिथे हा थर साचला की जीभ पुरती आत जात नाही. कधी ‘टक’ असा आवाज येऊनही पकड अर्धवट राहते. कधी उलटं होतं आणि बटण इतकं अडकतं, की अपघातानंतर मुलाला सोडवणाऱ्याला ते दाबता येऊ नये. या बटणाला उघडायला साधारण चार ते आठ किलोंचा जोर लागावा, असं बंधन आहे: मुलाने सहज उघडू नये आणि मोठ्याला मात्र उघडता यावं. अडकणारं बकल दिसलं की आपला हात शिवणयंत्राच्या तेलाकडे किंवा खोबरेल तेलाकडे जातो. तेलाने दोन दिवस ते सुळकन चालतं, मग त्याच तेलावर धूळ आणि भुगा चिकटून पहिल्यापेक्षा घट्ट गोळा होतो. पुस्तिका परवानगी देत असेल तर पट्टा कोरडा ठेवून फक्त बकल कोमट पाण्यात बुडवायचं, बटण बऱ्याच वेळा दाबायचं, झटकायचं आणि वाळू द्यायचं. तेल, साबण, वंगण यांतलं काहीही आत घालायचं नाही.

‘मग काय मूल घाणीत बसवायचं?’ हा आजीचा प्रश्न टाळून चालणार नाही. उलटी, घाम, बुरशी यांनी बाळाच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, हे खरंच आहे. पण सीटच्या घाणीचा मोठा वाटा कव्हरमध्ये असतो, आणि बहुतेक कव्हरं निघतात, लेबलवर लिहिल्याप्रमाणे थंड पाण्यात धुता येतात आणि सावलीत वाळवता येतात. प्लास्टिकचा सांगाडा सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसला की पुरे. त्याला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये, कारण आतला थर्माकोलसारखा फोम अशा द्रवांनी विरघळतो, आणि टकरीच्या वेळी डोक्याचा मार शोषायचा असतो तो त्याच फोमने. पट्टे मऊ, ओलसर फडक्याने, सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी, लांबीच्या दिशेने पुसायचे. उलटी विणीत मुरली आणि वास जाईचना, तर त्यावरही उपाय आहे: उत्पादकाकडून पट्ट्यांचा नवा संच मागवणं. आजीची काळजी यात कुठेच डावलली जात नाही. तिला फक्त कव्हर आणि पट्टा यांतला फरक कुणीतरी सांगायला हवा. कव्हर फाटलं म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जाड स्पंजचं नवं शिवून घेण्याबाबतही हेच. कव्हर हा सीटच्या सुरक्षिततेचा अविभाज्य भाग आहे, दुसरं घालू नये, असा इशारा देणं ४४ क्रमांकाच्या नियमावलीने उत्पादकांवर बंधनकारक केलं आहे. आणि धुतलेलं कव्हर परत चढवताना पट्टा पाठीमागच्या चुकीच्या खाचेतून ओवला गेला किंवा त्याला पीळ पडला, तर इतकी सगळी काळजी घेऊनही सीट निकामी. काढण्याआधी मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढून ठेवावेत, एवढं साधं वाक्यही सीटवर मराठीत कुठे नसतं.

आता भाषेकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. सूचना त्या देशाच्या भाषेत द्याव्यात आणि पुस्तिका सीटच्या आयुष्यभर तिच्यावरच ठेवायची सोय असावी, असं तीच नियमावली सांगते. फ्रान्समध्ये यातून फ्रेंच पुस्तिका निघते. आपल्याकडे इंग्रजी निघते, फार तर हिंदी. आपले वेष्टनाचे २०११ चे नियमसुद्धा देवनागरीतली हिंदी किंवा इंग्रजी यांतल्या एका भाषेवर समाधान मानतात. पण घरात सीट धुतं कोण? सीट विकत घेणारे आईबाप नव्हेत, तर बहुतेकदा आजी, मावशी, घरकामाला येणाऱ्या ताई किंवा सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा. त्यातही एकच सीट भावंडांत, मग चुलत-मावस भावंडांत फिरते, आणि पुस्तिका पहिल्याच घरी राहते. कीटकनाशकाच्या डब्यावर हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषा हवी, हे १९७१ च्या नियमांनी ठरवलं, कारण डबा हाताळणारा शेतकरी इंग्रजी वाचेलच असं गृहीत धरता येत नाही. मग मुलाचा जीव ज्या पट्ट्यावर आहे, तो धुणाऱ्या बाईला इंग्रजी येतंच, असं आपण कशाच्या आधारावर धरून चालतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न देणाऱ्या उत्पादकाला जबाबदार धरलं आहे. वाचता न येणारी सूचना ‘पुरेशी’ कशी ठरते, हे कुणीतरी ग्राहक आयोगात विचारायलाच हवं.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, आपल्याकडे कार सीट वापरणारेच मूठभर. अजून मूल मांडीवर घेऊन पुढे बसणारे सर्रास दिसतात, तिथे धुण्याची चर्चा ही चैन आहे. वापर वाढवायलाच हवा, यात वाद नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आला, आणि २०२३ पासून भारत एनकॅप गाड्यांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे देऊ लागलं. वापर वाढेल तशा वापरलेल्या, धुतलेल्या, हस्ते-परहस्ते आलेल्या सीटही वाढतील. नियम तेव्हा नव्हे, आत्ता हवा. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि भाषांच्या संख्येचा: बावीस भाषांची पुस्तिका कोण छापणार? पुस्तिका छापूच नका. पट्ट्यालगत शिवलेली हाताएवढी कापडी पट्टी, तिच्यावर न धुण्याची चित्रखूण, आणि ज्या राज्यात माल जाणार तिथल्या भाषेत चार ओळी, एवढं पुरे. नुसत्या चित्राने काम भागेल, असं मात्र कुणी समजू नये. फुली मारलेल्या बादलीचं चित्र कव्हरसाठी आहे की पट्ट्यासाठी, ते शब्दांशिवाय कळत नाही.

हे करायला नवा कायदाही लागत नाही. मुलांच्या कार सीटसाठी भारताचं स्वतंत्र मानक आहे, एआयएस-०७२, आणि ही मानकं प्रसिद्ध होतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत. त्याच मानकात स्थानिक भाषेतल्या पट्टीचं एक कलम घालता येईल, आणि महाराष्ट्राचा परिवहन विभाग त्यासाठी केंद्राकडे आजच लिहू शकतो. पट्टीवरचा मजकूरही अवघड नाही: ‘पट्टे पाण्यात भिजवू नका, मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच किंवा जंतुनाशक लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. बकलमध्ये तेल घालू नका. कव्हर परत चढवल्यावर पट्ट्याला पीळ नाही ना, पाहा. पट्टा खराब झाला तर नवा मागवा, फोन नंबर मागे आहे.’