रंग मारण्याआधी जरा खरवडून बघा

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो तर आजोबांचं टेबल अंगणात, आणि भंगारवाला दारात. भाव ठरला होता ३०० रुपये. आईचं म्हणणं काही चूक नव्हतं. ड्रॉवर उघडत नाही, एक पाय डुगडुगतो, वरच्या हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे निघतात. पण आजोबा शाळामास्तर. आयुष्यभर त्यांनी याच टेबलावर पेपर तपासले. बाबा काही बोलत नव्हते, नुसते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभे होते. मलाच राहवलं नाही. म्हणालो, "राहू द्या, मी नीट करतो." इंजिनिअरिंगचा मुलगा असं म्हणाला की घरचे हसतात. हसले.

माझा प्लॅन सोपा होता. एक डबा चॉकलेटी ऑइलपेंट, एक ब्रश, एक दुपार. सामान घेताना एका म्हाताऱ्या सुतारचाचांशी बोलणं झालं. ते सहज घरी आले, खिशातून पटाशी काढली आणि टेबलाच्या खालच्या बाजूला इंचभर खरवडलं. आतून सोनेरी तपकिरी लाकूड दिसलं. चाचा म्हणाले, "अरे बेटा, ये तो सागवान है. इसको कफन कायको पहना रा?"

रंगाचा डबा तसाच राहिला, आणि एका दुपारचं काम अकरा दिवस चाललं.

त्या अकरा दिवसांत जे कळलं ते चार सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं. पहिली गोष्ट जोडाची. टेबलाच्या पायात एकही खिळा नव्हता. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली आणि सरसाने चिकटवलेली. सरस म्हणजे जनावरांचं कातडं-हाडं उकळून केलेला डिंक. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधी सुतार सरसच वापरायचे. त्याची गंमत अशी की गरम पाण्याच्या फडक्याने तो मऊ होतो. जोड न मोडता सुटतो, साफ करून पुन्हा बसवता येतो. फेविकॉल एकदा वाळला की सुटायला तयार नसतो. म्हणजे त्या जुन्या सुताराने वस्तू बनवतानाच ती कधीतरी दुरुस्त करावी लागेल हे धरलं होतं. आपल्या डिझाइनच्या पेपरात यावर किती मार्कांचा प्रश्न येतो?

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची, आणि ही जरा लक्ष देऊन वाचा. पहिल्या दिवशी मी सगळा हिरवा रंग कोरडाच घासला. तोंडाला रुमाल नाही, शेजारी चुलतभावाची पोरं खेळतायत. नंतर वाचलं की जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरू शकते. म्हणून जुना रंग पाणी मारून ओला घासायचा, चांगला मास्क लावायचा, पोरांना लांब ठेवायचं आणि धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. माझी त्या रात्री झोप उडाली होती, तुमची उडू नये.

पुढचं काम मात्र मजेचं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि घासायचं नेहमी रेषांच्या दिशेने. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात. (स्पिरिट पेट घेतं. शेजारी बिडी, शेगडी काही नको.) ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची. हे काम उन्हाळ्यातच करावं. पावसाळी दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. आपल्या संभाजीनगरचा मे महिना कशाला तरी उपयोगी पडतो, तो असा.

आता कुणी म्हणेल, रंगात वाईट काय? काहीच नाही. लाकूड साधं असेल, प्लायवूड असेल, ठिकठिकाणी पुट्टी भरलेली असेल तर खुशाल रंगवा, छान दिसतं. माझं भांडण रंगाशी नाही, न बघता रंग मारण्याशी आहे. आणि खोटं कशाला सांगू, ड्रॉवर जुलैत अजूनही फुगून अडकतो. पण पार्टिकल बोर्डाचं नवं टेबल एकदा भिजून फुगलं की फुगलंच. सागवान उन्हाळ्यात परत जागेवर येतं.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपल्या होस्टेलच्या जिन्याखाली आहे. तिथे मोडक्या टेबल-खुर्च्यांचा ढीग आहे. मी सात खरवडून पाहिल्या. चार सागवानी निघाल्या. आणि तिकडे फर्स्ट इयरला आपण कारपेंट्री शॉपमध्ये काय करतो? चांगलं लाकूड कापून एक क्रॉस लॅप जॉइंट करायचा, सबमिशन करायचं, व्हायवा द्यायचा, आणि तो जॉब कोपऱ्यात फेकायचा. त्या जोडावर कधी कुणी बसत नाही, त्यामुळे तो टिकला की नाही हे कुणालाच कळत नाही. त्याऐवजी चार-चार जणांच्या ग्रुपला एक मोडकी खुर्ची द्या. मार्क द्यायचा निकष एकच : वर्षअखेरीस सरांनी तिच्यावर बसून दाखवायचं!

बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाच्या लेखात वास्तुकार अताउल्ला यांच्याबरोबर हंसपत राय या इंजिनिअरचं नाव आहे. लाकडी दरवाजा, वर पितळी पत्रा. आपण तिथे दहा वेळा फोटो काढतो आणि आपल्याच धंद्यातल्या माणसाचं नाव न वाचता परत येतो. खुर्चीखाली बारीक अक्षरात आपल्या बॅचचं नाव लिहायला काय हरकत आहे?

टेबल आता बाबांच्या खोलीत आहे. रात्री ते त्यावर हिशेब लिहितात. घासताना ड्रॉवरच्या तळाशी लाल शाईचा एक डाग सापडला होता. चाचा म्हणाले, निघेल. बाबा म्हणाले, राहू दे.