उसन्या शौर्याची जाकिटे

रविवारी सकाळी लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटात मोटारसायकलींचे तांडे दिसतात. बुलेटवर स्वार झालेल्या तरुणांच्या अंगात बिनबाह्यांची चामडी जाकिटे असतात आणि त्यांवर नाना तऱ्हेचे बिल्ले शिवलेले असतात. क्लबचे नाव, लडाखमधील खिंडींची नावे, तिरंगा. इथवर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्याच रांगेत पंख असलेला खंजीर आणि त्यासोबत देवनागरीत 'बलिदान' हा शब्द दिसतो. शेजारी एखाद्या रेजिमेंटचे बोधचिन्ह असते, तर कुठे अधिकाऱ्याचे पदचिन्हही चमकते. तेव्हा एकच प्रश्न विचारावासा वाटतो. हे यांना कोणी दिले?

उत्तर सोपे आहे. कोणीही दिले नाही. बाजारातून विकत आणले.

'बलिदान' हा बिल्ला भारतीय सेनेच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचा आहे. सैन्यात असणे त्यासाठी पुरेसे नाही, पॅराट्रूपर असणेही पुरेसे नाही. स्वेच्छेने पुढे आलेल्या जवानाला अनेक महिन्यांच्या परीक्षाकाळातून जावे लागते. झोप, अन्न आणि विश्रांती हिरावून घेऊन त्याच्या देहाची व मनाची कसोटी पाहिली जाते. पुढे आलेल्यांपैकी बहुतेक जण मध्येच परत पाठवले जातात. जे उरतात, त्यांनाच तो खंजीर छातीवर लावता येतो. रक्तघामाने मिळवलेली ती वस्तू शेदोनशे रुपयांना हँडलबारच्या दिव्याशेजारी चिकटवली जाते, तेव्हा शौर्याचा गौरव होत नाही, त्याचे मोल मात्र उतरते.

यावर ठरलेले उत्तर येते, "आम्ही हे आदरापोटी लावतो." हेतू प्रामाणिक असेल, तो नसतोच असे कोणी म्हणू नये. परंतु आदराचा पहिला नियम अंतर राखण्याचा आहे. गुरूविषयी आदर असलेला शिष्य गुरूच्या पायाशी बसतो, त्याच्या आसनावर नव्हे. मराठी परंपरेत विडा स्वतः होऊन उचलावा लागे. मानाची वस्त्रे मात्र कोणी स्वतः होऊन अंगावर चढवत नसे. ती दिली जात. आजच्या हौशी स्वारांनी हा क्रमच उलटा केला आहे. विडा कोणी उचलत नाही आणि वस्त्रे सर्वांना हवीत.

गंमत अशी की, ज्या अमेरिकेतून ही बिल्ल्यांची जाकिटे आली, तेथील मोटारसायकल क्लब या बाबतीत अत्यंत कडक आहेत. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अनेक सैनिकांनी त्या क्लबांत सोबत शोधली. त्यांच्या जाकिटावर पलटणीचे चिन्ह असले, तर ती पलटण त्यांची स्वतःची असे. क्लबचा बिल्लाही तेथे उमेदवारीचा दीर्घ काळ पार पाडल्यावाचून पाठीवर चढत नाही. न कमावता लावणाऱ्याची गय केली जात नाही. 'हेल्स एंजल्स' या कुप्रसिद्ध क्लबने 2010 मध्ये आपल्या कवटीच्या चिन्हासाठी एका बड्या फॅशन कंपनीला न्यायालयात खेचले होते. मोटारसायकलस्वारांची एक टोळी आपले चिन्ह इतक्या जिवापाड जपते आणि देशाच्या सर्वोत्तम सैनिकांचे चिन्ह मात्र पदपथावर ढिगाने विकले जाते. आपल्याकडे जाकीट आले, त्याचा धर्म आला नाही.

कायद्याने हे थांबेल, अशी आशा फार धरू नये. भारतीय न्याय संहितेच्या 168व्या कलमानुसार सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख वा चिन्ह वापरणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 2024 पूर्वी दंड विधानाच्या 140व्या कलमात अशीच तरतूद होती. परंतु सारे हेतूवर अवलंबून आहे आणि हौशी स्वार 'तसा हेतू नव्हता' म्हणून सुटतो. अमेरिकेतही न मिळालेल्या पदकांचा खोटा दावा करणे गुन्हा ठरवणारा 2005चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केला. 2013च्या नव्या कायद्यात केवळ लाभ उकळण्यासाठी केलेली लबाडीच गुन्हा राहिली. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे समाजाची लाज पोहोचावी लागते.

हा केवळ भावनेचा प्रश्नही नाही. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर चालून आलेले दहशतवादी भारतीय सेनेच्या गणवेशात होते. त्यानंतर नागरिकांनी सैनिकी पद्धतीचे कपडे वापरू नयेत व दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन सेनेला करावे लागले. खरे आणि खोटे यांतील रेषा पुसट झाली की, तिचा पहिला लाभ शत्रूच घेतो.

शहीद झालेल्या जवानाच्या वारसांनाही त्याची पदके मनाला येईल तशी लावता येत नाहीत. श्रद्धांजलीच्या प्रसंगी ती उजव्या छातीवर लावण्याची मुभा सेनेने त्यांना 2018 मध्ये दिली. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याचीच. ज्या मातेने पुत्र दिला, तीही ही मर्यादा पाळते. मग ज्याने केवळ पेट्रोल जाळले, त्याला ती का पाळता येऊ नये?

सैनिकांविषयीचा आदर छातीवर मिरवायचाच असेल, तर त्यासाठी एक चिन्ह देशाने 1949 पासून प्रत्येक नागरिकाला देऊ केले आहे. दरवर्षी 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनी, देणगीच्या बदल्यात लाल, गडद निळ्या व फिकट निळ्या रंगाचा एक छोटा कागदी ध्वज मिळतो. त्या निधीतून वीरपत्नींना, युद्धात अपंग झालेल्या जवानांना आणि माजी सैनिकांना मदत होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो स्वीकारला जातो. बुलेट घेऊन तेथवर जाणे काही अवघड नाही. जाकिटावरचा खंजीर उतरवून त्या जागी तो कागदाचा तुकडा ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी त्या छातीवर पहिल्यांदाच स्वतः कमावलेले काही असेल.