शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

मराठीत 'कूस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उदर, दुसरा अंगाची बाजू. निरोगी माणूस झोपेत कितीदा कूस बदलतो, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस मात्र दुसऱ्या कुणाला तरी बदलावी लागते. ती वेळेवर बदलली नाही, तर माकडहाड, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड आणि अंथरूण यांच्या कात्रीत सापडलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा अडतो आणि पेशी मरू लागतात. हेच शय्याव्रण. ते टाळण्यासाठी दाब आणि ओलावा ओळखणारे सेन्सर बसवलेले 'स्मार्ट' कपडे आता पुढे येत आहेत. त्यांचे स्वागत व्हावे, असे आमचे मत आहे. मात्र या स्वागताला एक अट हवी, आणि ती भाषेनेच आपल्याला आधी सांगून ठेवली आहे.

या दुखण्याचा इतिहास हा बराचसा दोष कुणाचा, या वादाचा इतिहास आहे. शय्याव्रणाचे खापर बहुधा रोगावर नव्हे, तर शुश्रूषेवर फोडावे लागते, असे मत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' या १८५९ च्या पुस्तकात मांडले. त्याच शतकात फ्रान्समधील मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी अशा व्रणांकडे मज्जासंस्थेच्या बिघाडाचा परिणाम आणि मृत्यूची पूर्वसूचना म्हणून पाहिले. एका मतात जबाबदारी आहे, दुसऱ्यात प्रारब्ध. २०१६ साली अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 'प्रेशर अल्सर' ही संज्ञा सोडून 'प्रेशर इंज्युरी' ही संज्ञा स्वीकारली. त्वचा फाटण्याआधीही हानी झालेली असते, हे त्यामागचे कारण. पण साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही ऐकू येते. व्रण 'होतो', इजा 'केली जाते' किंवा 'टाळता येते'. संज्ञा बदलली आणि वाक्यात कर्त्याची जागा निर्माण झाली.

आपल्याकडे या कपड्यांची गरज अधिक आहे, त्याचे कारण आपल्या त्वचेच्या रंगात आहे. पहिल्या अवस्थेची ठरलेली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते; सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे रोज पाठ तपासणाऱ्या माणसाचेही डोळे फसू शकतात. दाब मोजणारा धागा रंग पाहत नाही. एवढ्या एका कारणासाठीही आम्ही या संशोधनाच्या बाजूने आहोत.

कपड्याच्या अडचणी आहेतच. शिवण, गुंडी, तार अशी कोणतीही टणक वस्तू अंगाखाली आली की ती स्वतःच इजा करते. मलमूत्राने भरलेला कपडा रोज धुवावा लागतो. ती धुलाई सेन्सरला सोसली पाहिजे. पण या अडचणी अभियंते कधी ना कधी सोडवतील. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अतिदक्षता विभागातील तेराशेहून अधिक रुग्णांच्या छातीवर हालचाल टिपणारे सेन्सर लावले होते. एका गटात त्यांचे संकेत परिचारिकांपर्यंत पोहोचत होते, दुसऱ्यात नेहमीची पद्धत चालू होती. पहिल्या गटात इजा कमी झाल्या. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो ते सांगणे कुणीतरी ऐकले म्हणून.

येथे 'शुश्रूषा' हा शब्द आठवतो. आज आपण तो रुग्णसेवेसाठी वापरतो. पण 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो आला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेन्सर दाब मोजील, सूचना देईल. इच्छा त्याच्याकडे नाही. ती घरातल्या सुनेकडे, मुलीकडे, किंवा ब्युरोतून बारा तासांच्या पाळीला आलेल्या मावशींकडे असावी लागते. आणि इच्छा असूनही एकट्या बाईला जड देह कुशीवर वळवता येत नाही. रात्री तीन वाजता कपड्याने दिलेली हाक ऐकून उठणारी व्यक्ती सकाळपासून राबलेली असेल, तर तिला आणखी एक सूचना नको असते, आणखी दोन हात हवे असतात.

म्हणून आमची अट अशी : या कपड्यासाठी जेवढा पैसा उभा राहील, तेवढाच विचार त्या हातांचा व्हावा. नाहीतर कपड्यातली नोंद रुग्णाच्या रक्षणाऐवजी मावशींवर पाळत ठेवण्यासाठी वापरली जाईल. किती वाजता वळवले नाही याचा हिशेब मालकाच्या मोबाइलवर येईल, पगार कापला जाईल, आणि नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेच्या व्यवस्थेवर ठेवलेला ठपका सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी बसेल. ज्या वाक्यात कर्त्याची जागा इतक्या उशिरा निर्माण झाली, तेथे मावशींचे एकटे नाव लिहून आपण मोकळे होऊ नये. त्या जागी अनेकवचन हवे.