सातत्याची सिद्धता

शुक्रवार, 12 मार्च 1993. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या तळघरात भीषण स्फोट झाला आणि पुढील दोन तासांत शहरभर स्फोटांची मालिकाच घडली. 257 निरपराध माणसे प्राणांस मुकली. देशाच्या आर्थिक राजधानीचा श्वास कोंडावा, हा घातपात्यांचा हेतू उघड होता. परंतु सोमवारी, 15 मार्च रोजी, त्याच बाजारात पुन्हा सौदे सुरू झाले. काचांचा खच आणि मनावरचा आघात ताजा असतानाही बाजार उघडला, याचे कौतुक तेव्हा साऱ्या जगाने केले.

या घटनेला 28 वर्षे होत आली असताना, 24 फेब्रुवारी 2021 रोजी, त्याच मुंबईत वेगळेच दृश्य दिसले. राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले. ना स्फोट, ना पूर, ना आग! दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला आणि त्याची झळ जोखीम तपासणाऱ्या संगणक प्रणालीला लागली. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला, म्हणजे बाजार बंद होण्याची नेहमीची वेळ टळून गेल्यावर. त्यामुळे त्या दिवशी कामकाज पाच वाजेपर्यंत वाढवावे लागले. विशेष म्हणजे अशा प्रसंगासाठी दुसऱ्या शहरात उभारलेले पर्यायी केंद्र बाजाराकडे होते. तरीही कामकाज तिकडे हलविले गेले नाही.

या प्रसंगातून ‘सेबी’ने जो धडा घेतला, तो प्रत्येक संस्थेने ध्यानात ठेवावा असा आहे. मार्च 2021 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास 30 मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ घोषित करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे, असे बंधन शेअर बाजारांवर आले. यंत्रसामग्री होतीच, उणीव होती ती वेळेवर निर्णय होण्याची. ‘आणखी थोडी वाट पाहू, दुरुस्त होईल’ या आशेवर तास निघून जातात. म्हणून नियमाने घड्याळच समोर आणून ठेवले. 2024 च्या मार्च व मे महिन्यांत शनिवारी खास सत्रे भरवून पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष सौदे करून पाहण्यात आले. योजना कपाटात ठेवून चालत नाही, तिचा सराव करावा लागतो, हे त्यातून मान्य झाले.

व्यवस्थापनशास्त्रात याला ‘बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनिंग’ म्हणतात. आपण त्याला कार्यसातत्याचे नियोजन म्हणू. शब्द नवा असला तरी विचार आपल्या मातीला अपरिचित नाही. 1689 साली छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली आणि रायगडाला शत्रूचा वेढा पडला. राजा गेला, राजधानी जाणार हे दिसत होते. अशा वेळी महाराणी येसूबाईंनी राजाराम महाराजांना गडाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि स्वतः मागे राहिल्या. महाराज पोहोचले ते जिंजीला. तो बळकट किल्ला शिवछत्रपतींनी 1677 मध्येच स्वराज्यात आणून ठेवला होता. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा अधिकार मिळाला; प्रत्येक निर्णयासाठी शेकडो कोस दूर विचारणा करण्याची गरज उरली नाही. त्या नोव्हेंबरात रायगड पडला, तरी राज्य पडले नाही. 1707 मध्ये औरंगजेब महाराष्ट्राच्याच भूमीत निराश मनाने मेला.

आधीच सिद्ध ठेवलेले पर्यायी ठिकाण, जागेवरच्या माणसाच्या हाती दिलेला अधिकार आणि आपले काम न सांगता ओळखणारे सहकारी, या तीन गोष्टींवर ते सातत्य उभे होते. आजच्या संस्थांना याहून निराळे काही लागत नाही.

हा विषय केवळ बड्या कंपन्यांचा आहे, असा समज मात्र घातक ठरेल. जुलै 2024 च्या अखेरीस, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरविणाऱ्या एका कंपनीच्या प्रणालीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून तिला देशाच्या देयक-यंत्रणेपासून तात्पुरते तोडण्यात आले आणि सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक त्या सेवांना मुकले. यात त्या बँकांची स्वतःची चूक नव्हती. पण त्यांचा सारा भार एकाच खांबावर होता. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे संगणक अशाच हल्ल्याने ठप्प झाले. पुढील सुमारे दोन आठवडे रुग्णांची नोंद कागदावर हातानेच चालली. हाताने काम करण्याची रीत जिवंत होती, म्हणून रुग्णसेवा पूर्णपणे थांबली नाही.

आपल्या महाराष्ट्रात नागरी बँका, पतसंस्था, शाळा, वसतिगृहे, रक्तपेढ्या आणि रुग्णालये समाजाने घाम गाळून उभी केली आहेत. त्यांपैकी कित्येक संस्था आजही एकखांबी तंबू आहेत. धनादेशावर सही करणारे एकच, संगणकाचा पासवर्ड ठाऊक असलेला एकच, देणगीदारांची नावे मुखोद्गत असणारेही एकच! अशा माणसाची निष्ठा वंदनीय असते. परंतु त्याला हृदयविकाराचा झटका आला, तर संस्थाही त्याच्यासोबत अंथरुणाला खिळते. पतसंस्थेचे दार आठवडाभर बंद राहिले, तर औषधासाठी ठेव मोडायला आलेल्या वृद्धाने कोणाकडे पाहावे? आणि एकदा उडालेला विश्वास दार उघडल्यावर लगेच परत येतो, असेही नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. संचालक मंडळाने एक बैठक याच विषयासाठी घ्यावी. कोणते काम एक दिवसही थांबू शकत नाही आणि कोणते महिनाभर थांबले तरी चालेल, हे आधी ठरवावे. प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दुसरा माणूस तयार करावा. नोंदींची प्रत रोज काढावी आणि ती दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात ठेवावी. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने पाच जणांचे बळी घेतले आणि कित्येक विभागांच्या फायलींची राख केली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. तळमजल्यावरची कपाटे आणि तळघरातील जनित्रे अशा पाण्यापुढे टिकत नाहीत. प्रमुख उपलब्ध नसल्यास निर्णय कोणी घ्यायचा, हे नावानिशी लिहून ठेवावे. आणि वर्षातून एक दिवस संगणक मुद्दाम बंद ठेवून, प्रमुखाला घरी बसवून, संस्था चालवून पाहावी. त्या एका दिवसात जे उणे दिसेल, ते दहा अहवालांत दिसणार नाही.

असल्या अशुभ कल्पना कशाला करायच्या, असे म्हणणारे प्रत्येक मंडळात भेटतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय आता मोडली पाहिजे. 1993 मध्ये बाजार तिसऱ्या दिवशी उघडला, त्यात माणसांच्या जिद्दीचा वाटा मोठा होता. जिद्द आपल्या समाजात मुबलक आहे. मात्र दर वेळी जिद्दीनेच काम भागवायचे, ही कार्यकर्त्यांवर टाकलेली क्रूर जबाबदारी आहे. त्यांच्या जिद्दीला पूर्वनियोजनाची जोड देणे हे नेतृत्वाचे कर्तव्य आहे. आपल्यामागेही काम त्याच गतीने चालेल अशी व्यवस्था जो लावून ठेवतो, त्यानेच संस्था खऱ्या अर्थाने उभी केली, असे म्हणता येईल.