धूर कुणाच्या दारी?

कंपनीच्या नावावर भाडेपट्ट्याने घेतलेली विजेची मोटार तारोडीत आली, तर गावाला तिचा धूर दिसणार नाही. पण मीरा-भाईंदरच्या विजेत डहाणूच्या कोळशाचाही वाटा आहे, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे! तरीही पेट्रोलपेक्षा वीज बरी, याबद्दल वाद नको. विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भाडेही धंद्याच्या खर्चात धरता येते. सवलत कुणाला नको? मात्र ही मोटार पेट्रोलच्या गाडीच्या जागी येते, की दारातली तिसरी म्हणून? बॅटरी घडवताना झालेले प्रदूषण फिटायला ती हजारो किलोमीटर धावावी लागते. पट्टा संपल्यावर ती पुढे कोण चालवणार, हे भाडेकरूने सही करण्यापूर्वीच विचारावे.