‘समाज म्हणतो’ म्हणजे नेमकं कोण म्हणतं?

कर्जमाफी, एसटीचा मोफत प्रवास, ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये. आपली वर्तमानपत्रं यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘पॉप्युलिझम’ म्हणतात आणि त्याचं मराठी करतात ‘लोकानुनय’. मला हे भाषांतर घातक वाटतं. गरिबाच्या हातात पैसे द्यायचे की नाही, हा अंदाजपत्रकाचा वाद आहे आणि तो जरूर व्हावा. पण शब्द तिथेच खर्च झाला, की खऱ्या रोगाला नाव उरत नाही.

मुळात हा शब्द शिवी नव्हता. १८९२ च्या अमेरिकेत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीवरून तो रूढ झाला. रेल्वे सरकारने चालवावी, जास्त कमावणाऱ्याने जास्त कर द्यावा, सिनेटर थेट मतदारांनी निवडावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. प्राप्तिकर आणि थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये तिथल्या संविधानात आल्या. म्हणजे लोकांचे प्रश्न मांडणं किंवा श्रीमंतांना जाब विचारणं हा रोग नव्हे.

मग रोग कोणता? यान-वेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकाने २०१६ मधल्या पुस्तकात त्यावर नेमकं बोट ठेवलंय. ‘खरे लोक’ एकच, त्यांचं मत एकच आणि ते फक्त मलाच कळतं, असा दावा नेता करतो, तेव्हा पॉप्युलिझम सुरू होतो. त्याच्या विरोधात बोलणारा मग विरोधक राहत नाही. तो लोकांमधूनच बाद होतो. काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणाले, तेव्हा हेच झालं. आणीबाणीत तुरुंगात गेलेले हजारो लोक मग कोणत्या देशाचे होते?

आजच्या ‘खऱ्या लोकां’च्या यादीत आपण नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुण्यात भाड्याची खोली शोधताना माझं नाव ऐकून ‘कालच गेली हो’ असं मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी नाव सांगतो आणि मग भाडं विचारतो. तेवढाच दोघांचा वेळ वाचतो.

पण माझं भांडण इथे संपत नाही. आमच्या मोहल्ल्यात मागे एक बैठक झाली. एका कॉलेजच्या मुलीने उठून विचारलं, “नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर पहिलीने जायचं कुठे?” व्यासपीठावरचे बुजुर्ग म्हणाले, “बेटी, या बाबतीत समाजात दुमत नाही.” ती खाली बसली. दुमत तर तिथेच उभं होतं! मीही गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

हे वाक्य जुनंच आहे. इंदूरच्या शाहबानो या वृद्ध बाईला दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी कायम केला. ‘समाज दुखावला’ म्हणून मोर्चे निघाले आणि १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने कायदाच बदलला. पोटगी मागणारी शाहबानो समाजात नव्हती का? राजीनामा देणारे मंत्री आरिफ मोहम्मद खान नव्हते का? त्याच फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप उघडलं गेलं. तिथेही ‘समाजाची भावना’च पुढे होती. दोन्हीकडच्या ठेकेदारांचा धंदा असा एकमेकांच्या आधाराने चालतो.

“बाहेरून हल्ले होत असताना घरातले वाद कशाला?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याला माझं उत्तर असं, की सगळे मुसलमान सारखेच, हे आपल्या द्वेष्ट्यांचं आवडतं वाक्य आहे. आपणही तेच म्हणू लागलो, तर त्यांचं काम आपणच सोपं करतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्या सातच होत्या, पण त्याही समाजच होत्या.

म्हणून उद्या कोणीही, टोपीवाला असो वा टिळेवाला, तुमच्या नावाने बोलू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कोणी निवडलं? तुम्हाला बदलायचं असेल तर कसं बदलायचं? आणि तुमच्याशी असहमत असलेल्याला तुम्ही काय म्हणता, विरोधक की गद्दार? पहिल्या दोन प्रश्नांवर तो वेळ मारून नेईल. तिसऱ्यावर मात्र पकडला जाईल.

आणि पुढच्या बैठकीत एखादी मुलगी उठली, तर तिच्याबरोबर उभे राहा. तिचं मत पटलं नाही तरी उभे राहा. मी राहीन.