खालूंचे दहा लाख दिनार

गेल्या ईदला खालूंनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत पंचवीस हजार इराकी दिनारच्या चाळीस नोटा. "दहा लाख आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "भाव वाढला की मुलीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं होऊन जाईल."

मी हसलो नाही. खालू 1990 साली कुवेतमध्ये नोकरीला होते. इराकी फौज आली, कुवेती दिनार रद्द झाला आणि आयुष्याची कमाई तिथेच टाकून ते कोकणात परतले. 1991 मध्ये कुवेत मुक्त झालं आणि तोच दिनार पुन्हा जुन्या किमतीला उभा राहिला. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं, त्याला इराकच्या दिनारबद्दल आशा वाटणारच. दिनार विकणारे नेमकी हीच गोष्ट सांगतात.

पण कुवेतने जुनीच किंमत परत आणली होती आणि त्यामागे परदेशात शाबूत राहिलेली मोठी गुंतवणूक होती. इराकचं तसं नाही. 1980 च्या दशकात एका दिनारला सरकारी दराने तीन डॉलरहून जास्त मिळायचे, हे खरं. पुढे निर्बंध आले, सरकार नोटा छापत सुटलं आणि किंमत कोसळली. आज सुमारे 100 लाख कोटी दिनारच्या नोटा बाहेर आहेत. प्रत्येक दिनारला एक डॉलर द्यायचा म्हटलं, तर साऱ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नाएवढी रक्कम लागेल. ती कोणत्या तिजोरीतून येणार?

भाव खरोखर वाढला तेव्हा किती वाढला, तेही पाहा. डिसेंबर 2020 मध्ये इराकने डॉलरचा दर 1190 वरून 1450 दिनारपर्यंत नेला, म्हणजे दिनार स्वस्त केला. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 1300 वर आणला. त्या हिशेबाने खालूंच्या दहा लाखांचे 770 डॉलरही होत नाहीत. नोटेवरची तीन शून्यं काढण्याची चर्चा अधूनमधून होते. पण तेव्हा जुन्या हजाराचा नवा एक दिनार होईल, चहाही तितक्याच पटीने स्वस्त दिसेल. श्रीमंत कुणीच होणार नाही.

तरीही इराकबद्दल मी आशावादी आहे. माझी आशा तिथल्या बँकांवर आहे. 2003 पासून इराकच्या तेलाचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जमा होतो. त्यातले डॉलर इराकची मध्यवर्ती बँक लिलावात विकायची आणि खोट्या बिलांवर ते देशाबाहेर जायचे. 2022 च्या अखेरीस तपासणी कडक झाली. जुलै 2023 मध्ये अमेरिकेने 14 इराकी बँकांचे डॉलर व्यवहार बंद केले. आता तो लिलावही थांबला आहे. या सुधारणा टिकल्या, तर बगदादच्या दुकानदाराला घरात नोटा दडवाव्या लागणार नाहीत, त्याच्या मुलाला धंद्यासाठी भांडवल मिळेल. याला वर्षं लागतील. आणि त्याचं फळ इराकी माणसाला मिळावं, आपल्या कपाटातल्या पाकिटाला नव्हे.

दोस्तांनो, "व्याज नाही, म्हणजे हलाल" असं सांगत हे दिनार आपल्याच मोहल्ल्यात विकले जातात. काय मिळणार आणि कधी मिळणार, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेल्या सौद्याला हलालचा शिक्का इतक्या सहज कसा लागतो? शिवाय परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं, असा आपला कायदा आहे.

मी खालूंसाठी दोन मनी चेंजरकडे चौकशी केली. नोटा घ्यायला कुणी तयार झालं नाही. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. हिशेब संपल्यावर खालू बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "पुढच्या महिन्यात अजून दहा घेणार होतो."

ते पैसे आता छपराच्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवले आहेत. तुमच्या घरीही असं पाकीट असेल, तर मोठ्यांची थट्टा करू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि हिशेब मांडा.